गुरगुर

“न सांगता चावला. एवढं खायला घातलं, आणि न सांगता चावला,” धाकटा पट्टी बांधलेला हात पुढे धरून म्हणाला.

ऐकायला दोघीच होत्या, त्याची बायको आणि थोरली बहीण. बहिणीला अख्खी गल्ली शिवणताई म्हणायची. कोपऱ्यावर तिचं कपडे शिवायचं दुकान होतं आणि राहायला ती भावाकडे होती. घर भावाचं, कुत्रा तिचा. दुकानाच्या पायरीवर कुडकुडत पडलेलं पिल्लू तिनेच उचलून आणलं होतं आणि भोपळ्या हे नावही तिनेच ठेवलं होतं.

“कुत्री धरून नेणाऱ्या गाडीवाल्याला फोन केलाय. संध्याकाळी येऊन नेईल. सुई देतात, त्रास होत नाही म्हणे.”

शिवणताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सवयीने ती गप्प राहिली. या घरात ती गप्पच राहत आली होती. धाकटा चारचौघांत सांगायचा, आमची ताई म्हणजे गरीब गाय. ते कौतुक समजून ती ऐकून घ्यायची.

भोपळ्याची खोड एकच. जेवताना कुणी जवळ गेलं की तो गुरगुरायचा. उपाशी वाढलेला जीव, तोंडचा घास कुणी ओढून नेईल ही धास्ती काही जात नव्हती. जनावरांच्या दवाखान्यातल्या बाईंना विचारून शिवणताईने उपाय सुरू केला होता. तो जेवत असताना लांबून जायचं, जाता जाता उकडलेल्या अंड्याचा तुकडा वाटीकडे टाकायचा आणि थांबायचं नाही. गुरगुरला तर रागवायचं नाही, मागे सरायचं. जवळ येणारा माणूस काढून घेत नाही, उलट देतो, एवढं त्याच्या टाळक्यात शिरायला हवं होतं. आणि शिरत होतं. हळूहळू तिला येताना बघून तो शेपूट हलवायला लागला होता.

पण धाकट्याला धीर कुठला. “कुत्र्याचे कसले लाड करतेस? मालक कोण ते कळू दे त्याला.” ताई दुकानात गेली की हा वाटीजवळ जाऊन उभा राहायचा, आणि भोपळ्या गुरगुरला की चपलेने नाकावर हाणायचा. थोड्याच दिवसांत गुरगुर बंद. सुतासारखा सरळ केला म्हणून आल्यागेल्यापुढे त्याने टेंभा मिरवला. ताईने मात्र बघितलं होतं. कुणी जवळ आलं की भोपळ्या वाटीवर ताठ व्हायचा, डोळ्यांचं पांढरं दिसायचं, आणि तोंडातून आवाज नाही.

आज दुपारी धाकट्याचा ऑफिसातला सोबती घरी आला. त्याच्यापुढे धाकट्याला शेखी मिरवायची हुक्की आली, आणि भोपळ्या खात असताना या शहाण्याने त्याच्या वाटीत हात घातला.

“न सांगता चावला, असं पुन्हा म्हणू नकोस,” शिवणताई म्हणाली. भावजय भांडी घासता घासता थांबली.

“मग काय, पत्र पाठवून चावला?”

“सांगत होता तो. लांब राहा म्हणून रोज घसा फोडून सांगत होता. तू चपलेने ते सांगणं बंद पाडलंस. मग त्याच्यापाशी दातच उरले.”

“कुत्र्यासाठी माझ्याशी भांडतेस? आजवर या घरात ब्र काढला नाहीस.”

“काढू दिलास कधी?”

“ताई, जनावरासाठी घर नका हो मोडू,” भावजय हळूच म्हणाली.

“मी नाही मोडत,” शिवणताई म्हणाली आणि मोरीत गेली. भोपळ्या नळाला बांधलेला होता, तोंडाभोवती फडकं आवळलेलं. गाठ इतकी करकचून मारली होती की बोटांनी सुटेना. शेवटी तिने दातांनी सोडवली. चार कपडे पिशवीत कोंबले, वर त्याची वाटी ठेवली.

“आत्ता गेलीस तर परत यायचं नाही,” धाकटा दारातून म्हणाला.

“दार लावून घे. आणि गाडीवाल्याला येऊ नको म्हणून सांग.”

दुकानात दोन शिलाई मशीन, कापड बेतायचं टेबल आणि चिंध्यांचं पोतं, बस. आजपासून घरही हेच. टेबलाखाली तिने त्याची वाटी भरून ठेवली. बराच वेळ त्याने तोंड लावलं नाही, मग खायला लागला. ती हातात अंड्याचे तुकडे घेऊन लांब उभी होती. तिचा राग अजून उतरला नव्हता. एकेक गोष्ट आठवत होती, आणि प्रत्येक वेळी आपण मूग गिळून बसलो म्हणून आणखी भडकत होती. त्या तंद्रीत ती येरझाऱ्या घालायला लागली आणि नको तेवढी वाटीजवळ गेली.

भोपळ्या ताठ झाला. डोळ्यांचं पांढरं दिसलं. ती जागच्या जागी थांबली.

मग त्याच्या घशातून आवाज आला. बसका, तुटका, जेमतेम ऐकू येणारा. गुरगुरच होती. आणि आपलाच आवाज ऐकून तो दचकला. कान पाडले, मान आत घेतली आणि डोळे घट्ट मिटून चपलेची वाट बघत राहिला.

शिवणताई दोन पावलं मागे सरली.

“शाब्बास,” ती म्हणाली. तिचाही आवाज नीट निघत नव्हता. “शाब्बास, माझ्या राजा. सांगायचं असंच.”

आणि तिने अंड्याचा सगळ्यात मोठा तुकडा त्याच्यापुढे टाकला. भोपळ्याने एक डोळा उघडला.