उलांडीवरची जागा

पाटबंधारे खात्यात यज्ञेश्वर बिडकरांनी सव्वीस वर्षं पाण्यावर टिपणं लिहिली होती, पण गुडघ्याच्या वर पाण्यात ते कधी गेले नव्हते. त्यामुळे वयाच्या एकावन्नाव्या वर्षी ते होडी वल्हवायला जाणार ही बातमी कचेरीत पसरली तेव्हा हेडक्लार्कनी एवढंच विचारलं, "कुणाच्या परवानगीनं?"

परवानगी मागावी असं घरात कुणी उरलं नव्हतं. पत्नी श्यामलाबाईंना जाऊन दोन वर्षं होत आली होती. मुलगी लग्न होऊन धारवाडला. सकाळी धोंडुबाई येऊन दोन्ही वेळचा स्वयंपाक करून, झाकून जात. संध्याकाळी साडेपाचला कचेरी सुटे आणि साडेनऊच्या आत झोपणं बरं दिसत नसे. मधल्या चार तासांचं काय करावं याविषयी शासनाचं परिपत्रक नव्हतं. बिडकर ते तास रंकाळ्याच्या कठड्यावर बसून काढत. तिथं शेंगा विकणाऱ्या शालूबाईकडून शेंगा घेत, शेंगा संपल्या की टरफलं मोडत.

तिथंच एका झाडाला पाटी लावलेली त्यांनी वाचली. 'मंगळवार पेठ नौका मंडळ. नवीन सभासद पाहिजेत. वयाची व अनुभवाची अट नाही.' अट नसलेली जाहिरात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

मंडळाचे अध्यक्ष होते धनपाल आण्णा मगदूम, मार्केट यार्डातले गुळाचे अडते. मंडळाची होडीही त्यांचीच. मालवणला गेले असताना त्यांना ती आवडली आणि ट्रकवर घालून त्यांनी ती कोल्हापूरला आणली. होडीच्या एका बाजूला, हातभर अंतरावर, दोन आडव्या लाकडांना बांधलेला एक लांब ओंडका होता. कोकणात त्याला उलांडी म्हणतात. तो पाण्यावर टेकून राहतो, म्हणून होडी उलटत नाही. पण हे आण्णांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पेठेच्या तालमीतल्या पोरांची समजूत अशी झाली, की ट्रकमध्ये होडी गडबडू नये म्हणून हे लाकूड बांधलंय. त्यांनी ते सोडून बाजूला ठेवलं. होडीला हार घातला, नारळ फोडला, सहा गडी आत बसले. होडी उलटली. दुसऱ्यांदाही उलटली. तिसऱ्यांदा उलटली तेव्हा काठावरचा एक मालवणचा ट्रक ड्रायव्हर हसून हसून खाली बसला. त्याच्याकडून उलांडीचं काम कळलं. मग पोरांनी ती परत बांधली, पण कशी होती ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. ती होडीला फार चिकटून बांधली गेली. आता होडी उलटत नव्हती, फक्त उलटण्याच्या बेतात असे.

बिडकर अडतीत गेले तेव्हा आण्णांनी त्यांचं नाव विचारलं नाही, खातं विचारलं नाही, 'घरी कोण कोण' तर नाहीच नाही. ते म्हणाले, "वजन किती?"

"कल्पना नाही."

"या इकडं."

गुळाच्या काट्यावर बिडकर उभे राहिले. हमालानं वजनं चढवली आणि सांगितलं, "दोन रवे आन् वर तीन किलो."

रवा म्हणजे गुळाची तीस किलोची ढेप. आण्णांचा चेहरा उजळला. "झाक," ते म्हणाले. "पवाय येतंय?"

"नाही."

"मग डबा बांधू. उद्यापास्नं या."

आपण इतक्या पटकन कुठं पसंत पडलो होतो, हे बिडकर घरी जाताना आठवत राहिले. लग्नाच्या वेळीसुद्धा तीन महिने लागले होते.

दुसऱ्या दिवशी डालडाचा रिकामा डबा पाठीला बांधून ते होडीजवळ उभे राहिले. कठड्यावरून शालूबाई म्हणाली, "काका, तूप कुठं पोचवायचं हाय?" बिडकरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. होडीत सहाजण होते. पाच शिरोलीच्या कारखान्यात ओतकाम करणारे, पहिली पाळी संपवून येणारे. सहावा बाळासो, तालमीचा वस्ताद, जो मागच्या वल्ह्यावर बसून ओरडे. "घाल... वड! घाल... वड!" प्रत्येकजण वल्हं असं ओढी की जणू शेजाऱ्याशीच कुस्ती लागलीय.

"माझं वल्हं?" बिडकरांनी विचारलं.

"वल्हं मागनं, काका. आदी बसाय शिका," बाळासो म्हणाला आणि त्यानं होडीबाहेर, उलांडीकडं जाणाऱ्या आडव्या लाकडावर बोट दाखवलं. "ही जागा समद्यात अवघड. हलायचं न्हाई. बोलायचं न्हाई. आमी वळलो की तुमी वाकायचं."

सव्वीस वर्षांच्या नोकरीनं बिडकरांची यासाठी पूर्वतयारी करून घेतली होती. ते हलले नाहीत, बोलले नाहीत, वळणावर वाकले. कमरेपर्यंत भिजले. होडी पहिल्यांदाच तळ्याला पुरता वळसा घालून सरळ परत आली. बाळासो म्हणाला, "काका, मानलं." त्या रात्री त्यांनी धोंडुबाईंची गार भाकरी दोन वेळा वाढून घेतली. वाढून घेणारे आणि देणारे तेच.

घरी पाटावर बसून ते मच्छरदाणीच्या काठीनं सराव करू लागले. घाल, वड. काठी कपाटाला लागे. शेजारच्या माईंनी भिंतीपलीकडून एकदा विचारलं, "उंदीर आहे का हो?" बिडकर म्हणाले, "हो." तेवढाच संवाद त्या आठवड्यात शेजाऱ्यांशी झाला.

जुलैत त्यांना ताप आला. दोन दिवस ते रंकाळ्यावर गेले नाहीत. कचेरीत कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या टेबलावर कागद नेहमीप्रमाणे साचत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराशी सायकल आपटली आणि बाळासो आत आला.

"काका, हे काय? दोन दिस झालं होडी काठाला हाय."

"ताप आहे रे."

"किती?"

"शंभरावर एक."

"मग चालतंय की. स्वेटर घाला," बाळासो म्हणाला. मग जरा नरमून, "तुमच्याबिगर होडी निघंना, काका. खरं सांगतो."

बिडकरांनी स्वेटर घातला. ते वाक्य त्यांनी लाकडावर बसून, भिजत, मनातल्या मनात अनेकदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत हेडक्लार्कना ते सहज म्हणाले, "आमची होडी माझ्याशिवाय निघत नाही." हेडक्लार्कनी मान हलवली. जेवणाच्या सुट्टीत बिडकरांनी ते पुन्हा सांगितलं, कारण पहिल्यांदा पंख्याचा आवाज होता.

नारळी पौर्णिमेला रंकाळ्यावर तीन मंडळांची शर्यत होती. आठ दिवस आधी धनपाल आण्णांनी मालवणहून एक मेस्त, म्हणजे होड्या बांधणारा सुतार, बोलावून घेतला. बाबल मेस्त एसटीतून उतरला तो तडक रंकाळ्यावर आला. सराव चालू होता. त्यानं विडी पेटवली, होडी काठाला लागेपर्यंत बघितली आणि बिडकरांकडं बोट केलं.

"हो माणूस हय कित्याक बसवलास?"

"वजनाला," बाळासो म्हणाला. "आदी तितं गुळाचं दोन रवं ठिवत हुतो. ते पाण्यानं पाघळायचं. मग काका गावलं."

त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, हीच अडचण होती. कुचेष्टा असती तर रागावता आलं असतं. बिडकर पाठीवरचा डबा सोडू लागले. गाठ ओली होती, लवकर सुटेना.

मेस्तानं दोन दिवस काम केलं. उलांडी सोडली, दोन हात बाहेर काढली, जड ओंडका घातला, काथ्यानं आवळली. "आता कोणाक बसूची गरज ना," तो म्हणाला. पोरांनी होडी नेऊन आणली. बाणासारखी गेली.

"बाळासो," बिडकर म्हणाले, "मग आता मला वल्हं..."

"शर्यत हू दे, काका. पाच-सा दिसांत कुटलं शिकताय? आन् वल्ही सहाच हाईत की." बाळासोनं जरा विचार केला. कुणाला रिकामं ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "तुमी कपडे सांबाळा. मागल्या बारीला आकारामची प्यांट गेलती."

"बरोबर आहे," बिडकर म्हणाले. कचेरीत ते असंच म्हणत.

पौर्णिमेला ते दोन्ही हातांवर सहाजणांचे शर्ट-पँट घेऊन काठावर उभे होते. बाळासोची आरोळी इथपर्यंत येत होती. बाकीच्या मंडळींना शर्यत दिसत होती. बिडकरांना ते आडवं लाकूड दिसत होतं, मोकळं, कोरडं. वळणावर ते वाकले. शेजारच्या माणसानं बाजूला सरकून त्यांच्याकडं पाहिलं.

मंगळवार पेठ पहिली आली. गुलाल उडाला, हलगी सुरू झाली. बिडकरांनी कपडे एकेक करून बरोबर ज्याचे त्याला दिले. ठिणग्यांनी भोकं पडलेला शर्ट आकारामचा, हे त्यांना विचारावं लागलं नाही. "चला की, काका," असं कुणीतरी म्हणालं, पण ते सगळ्या काकांना उद्देशून असावं. मिरवणुकीबरोबर ते पेठेच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथं थांबले. मिरवणूक थांबली नाही, आणि तिनं थांबायचं काही कारणही नव्हतं.

घरी आल्यावर त्यांना दिसलं की गुंडूचा पंचा त्यांच्या खांद्यावरच राहिलाय. गुंडू म्हणजे पुढून दुसरा. त्या पंच्याचा त्यांना फार आधार वाटला. धुऊन, घडी करून, दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर ते रंकाळ्यावर गेले.

कुणी नव्हतं. शर्यत झाली होती, आता कशाला येतील? होडी खुंट्याला बांधलेली, तिच्यावर कालचा हार तसाच. बिडकरांनी चपला काढल्या. पाण्यात उतरून ते उलांडीच्या लाकडापर्यंत गेले आणि आपल्या जागेवर बसले.

पूर्वी ते बसले की होडी हुंकार दिल्यासारखी त्यांच्या बाजूला कलायची. आज ती हलली नाही. ते थोडे पुढं सरकले, मग उठून पुन्हा जोरानं बसले. उलांडी पाण्यावर होती तशीच राहिली. मेस्तानं काम चोख केलं होतं.

मग ते होडीत शिरले. वल्ही तळाला पडली होती. त्यातलं एक उचललं. काठीपेक्षा ते बरंच जड होतं. 'घाल,' ते पुटपुटले, 'वड.' होडी हातभर पुढं गेली, दोराला ताण बसला, आणि ती मागं आली. पुन्हा घाल, पुन्हा वड. पाणी उडून चष्म्यावर आलं. उजव्या हाताचं चामडं सोललं. काठावर पंचा घडी करून ठेवला होता, त्याच्याकडं ते मधूनमधून बघत होते.

शालूबाई टोपली डोक्यावर घेऊन घरी निघाली होती. ती थांबली.

"काका, दोर सोडला न्हाईसा की."

"माहीत आहे."

"मग?"

बिडकरांनी चष्मा पुसला. "आज पहिलाच दिवस आहे माझा," ते म्हणाले.

शालूबाईनं खुंट्याकडं बघितलं, दोराकडं बघितलं. "व्हय?" ती म्हणाली. "मग असू दे बांदलेली." आणि उरलेल्या शेंगांची एक पुडी पंच्यावर ठेवून ती निघून गेली.

बिडकरांनी वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.