पाण्याकडचं दार

साहेब, समुद्र तुम्ही चोरलात. दिवसाढवळ्या, ट्रकांची रांग लावून. आणि ज्यांच्या दारातून नेलात, त्यांना साधं विचारलंही नाहीत.

दार वहिनीचं होतं. नवऱ्यामागे होड्या बांधायची शेड तिने आणि धाकट्या दिराने चालवली. शेडची पाठ अरुंद गल्लीला, एकुलतं एक मोठं दार पाण्याकडे. आत बांधायची, भरतीला दारातून सोडायची, ही घराची रीत. समुद्रात भराव पडायला लागला तेव्हा शेडमधली होडी अर्धी झाली होती. वहिनीचा जीव थाऱ्यावर राहिना. सारखी दारात जायची, पाणी किती सरकलं बघायची, हातातला हातोडा तिथेच विसरून यायची.

"भाऊजी, काम थांबवा. ही बाहेर कशी काढणार?"

"वहिनी, समुद्राशी कुस्ती कुणी जिंकलीय? बाबांच्या वेळीही दगड टाकले होते. एका उधाणात गिळून टाकले."

"तेव्हा टोपल्या होत्या. आता ट्रक आहेत."

"तुम्ही तर लग्नाआधीच पाळणा बांधताय," म्हणत दीर रंधा मारत राहिला.

उधाण आलं. नव्या दगडी बांधावर डोकं आपटून परत गेलं. होडी पुरी झाली तेव्हा दारासमोर मातीचं मैदान होतं आणि मैदानावर मोठा फलक: किनारा सर्वांचा. गल्लीतून न्यायची तर होडी मधोमध कापायला हवी होती. दिराने करवत उचलली. हात काही चालेना.

"ठेवा ती," वहिनी म्हणाली. "ओंडके आणा."

शेजारपाजार जमला. ओंडक्यांवरून होडी दाराबाहेर निघाली, मैदानात आली आणि अर्ध्या वाटेवर ओल्या भरावात रुतली. नेमकी नव्या रस्त्याच्या आखणीवर. हेल्मेट सावरत तुम्ही धावत आलात, साहेब.

"बाई, ही इथे ठेवायची परवानगी कुणी दिली?"

"ठेवली नाही. निघाली आहे. वाटेत तुमची माती आली."

"रस्त्याचं काम खोळंबलंय."

"आमचंही."

दीर हळूच म्हणाला, "वहिनी, घरी चला."

वहिनी होडीत चढली आणि पदर खोचून फळीवर बसली.

"साहेब, फलक तुमचाच आहे ना? मग आमच्या वाटणीचा किनारा कुठे ठेवलाय? होडी तिथेच सोडते. बोला."