खडा उडाला असं सांग

सुट्टीची सकाळ होती आणि अख्खी गल्ली एका काचेवर वाकली होती.

गाडी नवीकोरी. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा घरातल्या सासूबाईंनी अजून काढू दिलं नव्हतं. पुढच्या काचेला, चालवणाऱ्याच्या शेजारच्या बाजूला, वाटीएवढा भाग तडकला होता आणि रेघा चहूकडे पसरल्या होत्या. दुसऱ्याचं नुकसान बघताना माणसांना जो उत्साह येतो, तो सगळ्यांना आला होता. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर काका म्हणत होते, "वर्षसुद्धा झालं नाही गाडीला. सरळ वॉरंटी मागा. सोडू नका त्यांना." समोरचे केमिस्ट म्हणाले, "काका, काचेला कसली वॉरंटी? इन्शुरन्सवाल्यांना धरा. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं अस्संच झालं होतं." मग मेव्हण्याची गाडी, तिचं मायलेज आणि मेव्हण्याचा स्वभाव यांवर बराच वेळ गेला.

गाडीचा मालक हात बांधून बाजूला उभा होता. गल्लीत त्याला सगळे जंटलमन म्हणत. म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलून देणारा, कोणाला कधी उलट उत्तर न देणारा माणूस. मालक आपलं म्हणायचं. कागदोपत्री गाडी बायकोच्या नावावर होती, कारण बायकांच्या नावाने कर्ज जरा स्वस्तात पडतं. बायकोच्या नावाला त्या घरात किंमत होती ती एवढीच.

ती बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. दातांच्या दवाखान्यात ती काउंटरवर बसायची, येणाऱ्या प्रत्येकाला "कुठे दुखतंय?" असं विचारणं हे तिचं काम. आज तिचा भांग नेहमीसारखा मधोमध नव्हता. सासूबाईंनी सकाळी स्वतः कंगवा घेऊन तो एका बाजूला पाडला होता आणि केस कपाळावर ओढून बसवले होते. "असंच बरं दिसतं," त्या म्हणाल्या होत्या, "आज माणसं येतील." माणसं आली, ट्रेमधून कप उचलले. काचेवरची एकेक रेघ सगळ्यांनी निरखून पाहिली होती. तिच्या कपाळाकडे कोणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि घाईघाईने चहात तोंड घातलं.

आता आडपडदा कशाला ठेवायचा? आदल्या संध्याकाळी दोघं त्याच्या मित्राच्या घरून निघाली. चिंचोळ्या फाटकातून गाडी तिनेच मागे घेऊन काढली, तेव्हा मित्र हसत म्हणाला, "अरे, वहिनी तुझ्यापेक्षा भारी चालवते!" जंटलमनही हसला. त्याने तिला शेजारच्या सीटवर बसायला सांगितलं, स्वतः गाडी घेतली, दोन वळणं गेल्यावर कडेला उभी केली, तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं समोर आपटलं. मग म्हणाला, "बघ, काय करायला लावलंस!" तो काचेबद्दल बोलत होता.

घरी आल्याआल्या तिने भावाला फोन लावला. दादा गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. फुटलेली काच कशाने फुटली हे ठरवणं त्याचं रोजचंच काम. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, म्हणून ती एवढंच म्हणाली, "दादा, सकाळी ये ना. काच फुटलीय." जास्त सांगायची गरजच नाही, असं तिला वाटलं. दादा काच बघेल आणि त्याला कळेल.

दादा आला. आल्यावर गर्दीने त्यालाच घेरलं. "तुम्हीच सांगा हो, वॉरंटी की इन्शुरन्स?"

"काचेतच मुळात दोष असेल तर वॉरंटी," दादा म्हणाला. "बाहेरून काही लागलं असेल तर इन्शुरन्स."

"आणि घरच्याच कोणी आतून फोडली तर?" केमिस्टांनी विनोद केला. सगळे खो खो हसले.

"मग कोणीच देत नाही," असं म्हणत दादा गाडीत जाऊन बसला. त्याने काचेवर बाहेरून बोटं फिरवली होती. आता आतून फिरवली. एका जागी बोट थांबलं. दोन रेघांच्या मध्ये एक लांब केस अडकला होता. त्याने तो हलकेच ओढून काढला, बघितला, आणि मान वर करून बहिणीकडे पाहिलं. रिकामा ट्रे छातीशी धरून ती उभी होती. कळलं, तिच्या मनात आलं. दादाला कळलं.

दादाने केस बोटाला गुंडाळला, खिशात टाकला आणि मोठ्याने म्हणाला, "दगडच आहे. इन्शुरन्समध्ये बसेल. नुकसान तपासणारे ओळखीचे सर्व्हेअर जवळच राहतात, आत्ता बोलावतो."

स्वयंपाकघरात तिने त्याला गाठलं.

"दादा, तू बघितलंस ना?"

"काय?"

"खिशात घातलंस ते."

"हळू बोल, चिऊ." त्याने दार लोटलं. "हे बघ, डोकं फिरलं असेल त्याचं. कामाचं टेन्शन असतं. मी बोलेन त्याच्याशी. पण आज नको, एवढी माणसं आहेत."

"मग कधी?"

"आईला झेपणार आहे का हे? उद्या तू घरी येऊन बसलीस तर लोक काय..." त्याने ते वाक्य सोडून दिलं. "गाडी तुझ्या नावावर आहे, म्हणजे तुलाच विचारतील. खडा उडाला असं सांग. ट्रकच्या चाकाखालून उडाला. बस्स. काच मी स्वतः बसवून देतो. फुटली होती हे कळणारसुद्धा नाही."

"आणि परत फुटली तर?"

"सर्व्हेअरना फोन लावतो," म्हणत दादा दार उघडून बाहेर गेला.

डोकं आपटलं तेव्हा ती रडली नव्हती. आता रडली. नवऱ्याकडून तिने काही अपेक्षा धरणं कधीच सोडलं होतं. दादाकडून धरली होती. शाळेच्या वाटेवर कुत्रं अंगावर आलं की तिला पाठीशी घालून पुढे होणारा दादा तो हाच. वाचकहो, हात उगारणारा घरात एकच असतो. पण त्याचा हात वर्षानुवर्षं उठत राहतो तो बाकीच्या हातांच्या भरवशावर. भांग बाजूला पाडणारा हात, चहाचा कप निमूट उचलणारा हात, केस खिशात टाकणारा हात. या हातांना कोणी मारकुटे म्हणत नाही. म्हणायला हवं.

सर्व्हेअर घाईत होते. त्यांनी मोबाईलवर फोटो काढले आणि मान वर न करताच विचारलं, "गाडी मॅडमच्या नावावर ना? मॅडम, कसं झालं?"

कसं झालं. सकाळपासून हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. भरून कोण देणार, एवढंच सगळे विचारत होते.

"सांग ना त्यांना," जंटलमन गोड आवाजात म्हणाला, "तो खडा कसा..."

तिने दोन्ही हातांनी कपाळावरचे केस मागे सारले. भुवईच्या वर काळंनिळं टेंगूळ होतं आणि त्यावर सुकलेली जखम. "खडा नाही उडाला. माझं डोकं आपटलं. यांनी आपटलं, केस धरून. काच आतून फुटलीय. हात लावून बघा."

पेन्शनर काका घड्याळ बघू लागले. "अगं, काय बोलतेस!" सासूबाई पुढे आल्या. "बाहेरच्या माणसांसमोर!"

"बाहेरच्यांनाच सांगतेय. आतल्या सगळ्यांना माहितीच आहे."

सर्व्हेअर चुळबुळले. "मॅडम, असं सांगितलंत तर क्लेम बसणार नाही."

"नका बसवू," ती म्हणाली. मग भावाकडे वळली. "दादा, तो केस दे."

दादाचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. ती थांबली. मग दाराजवळच्या खुंटीवरून तिने किल्ली घेतली. जंटलमन तिला अडवायला पुढे सरसावला, पण सगळी गल्ली बघत होती. तो जागच्या जागी थबकला.

"आधी दवाखान्यात जाते, मग पोलीस चौकीत," ती म्हणाली. "येतोस, दादा?"

तो आला नाही. ती एकटीच गाडीत बसली. काच फुटली होती ती तिच्या रोजच्या बसायच्या बाजूची. चालवायच्या बाजूने रस्ता स्वच्छ दिसत होता. गर्दीने मुकाट्याने वाट दिली आणि गाडी वळणापलीकडे गेली.

"म्हणजे आता इन्शुरन्सही नाही," थोड्या वेळाने केमिस्ट म्हणाले. या वेळी कोणी हसलं नाही. एकेक जण आपापल्या दाराकडे निघाला. दादा मात्र खिशात हात घालून तिथेच उभा राहिला. तो केस त्याला बाहेरही काढवेना आणि टाकूनही देववेना. त्याला बोल लावणं सोपं आहे, वाचकहो. पण त्याआधी आपणही आपापल्या खिशात एकदा हात घालून बघू या.