रांजणाला लावलेला गाल

उपडं उखळ नापोकोनं भिंतीशी सरकवलं आणि त्यावर चढून ती पलीकडे डोकावली. साठीच्या बाईनं असं करू नये, हे तिला कळत होतं. पण पलीकडे शेजारच्या तेनेचे रांजण निवत होते, आणि तिकडे काय चाललंय ते बघितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

पहाटेपासून दोन्ही अंगणांत चुली धडधडत होत्या. मोड आणून दळलेल्या लाल ज्वारीचा रस दोघींनीही उकळून दुपारी रांजणांत ओतला होता. आता तो निवायचा, मग त्यात विरजण पडायचं आणि सकाळपर्यंत त्याची दोलो, म्हणजे ज्वारीची फेसाळ दारू, व्हायची. उद्या गावातला तिंगा दोघींकडची दोलो चाखून आपल्या वारलेल्या आईच्या दिवसांना कोणाची घ्यायची ते सांगणार होता. चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक मोठ्या मयताची दोलो नापोकोनंच केली होती. चाखून ठरवायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती.

पण दोन वर्षांपासून तिची दोलो मेल्यासारखी झाली होती. फेस नाही, झणका नाही. गिऱ्हाइकं एकेक करून भिंतीपलीकडच्या मांडवात जाऊन बसली. त्यांचं हसणं इकडे ऐकू आलं की नापोको मडकी आदळायची. आणि तेनेला हे काम शिकवलं कोणी? नापोकोनंच. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता तिनं.

पलीकडे तेने गुडघ्यांवर बसली. तिनं रांजण कवेत घेतला, त्याच्या पोटाला गाल लावला आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते.

"मंत्र!" नापोको पुटपुटली. "तरीच म्हटलं!"

उखळ डुगडुगलं.

"मावशी, पडाल हं!" तेने डोळे न उघडताच म्हणाली. "निवले का तुमचे रांजण?"

"माझे आपसूक निवतात. मला मिठ्या नाही माराव्या लागत."

"माझे अजून तापलेत, बाई."

"मग सांग की त्यांच्या कानात, लवकर निवा म्हणावं!"

तेने खुदकन हसली. तेही नापोकोला टोचलं.

नापोकोचे रांजण कडुलिंबाखाली ओल्या वाळूत रुतवलेले होते, तोंडाला धुतलेली फडकी बांधून. निवत्या रसात बोट घालायचं नाही, एका बोटाची घाण सगळा रांजण नासवते. बाहेरून तळहात ठेवायचा. ऊब उरली नाही की विरजण घालायचं. हाच धडा तिनं तेनेला दिला होता.

तिनं तळहात ठेवला. गार. कनवटीची विरजणाची पुरचुंडी काढून तिनं गाठ सोडली आणि ती थबकली. भिंतीवरून कुणी बघत नाही ना, याची तिनं खात्री करून घेतली. मंत्र तर मंत्र. कुरकुरत्या गुडघ्यांवर बसून तिनं रांजणाला गाल लावला.

चटका बसला.

तिनं पुन्हा तळहात ठेवला. गार. पुन्हा गाल. चटका.

नापोको आपले हात उलटसुलट करून बघू लागली. चाळीस वर्षं तिनं फडक्याशिवाय तापली मडकी उचलली होती, चार बायकांनी बघावं म्हणून. तळव्यांची कातडी टाचेसारखी झाली होती. म्हणजे दोन वर्षं ती जिवंत विरजण कढत रसात घालून मारत होती. मंत्र असता तर किती बरं झालं असतं! निदान गावभर सांगता तरी आलं असतं.

तिनं पुरचुंडीला गाठ मारली आणि पुन्हा गाल लावला. गाल किती वेळ चटका सोसतो ते एक, दोन असं मोजताना तिचेही ओठ हलू लागले.

"मावशी?" तेने फाटकात उभी होती. "माझं विरजण घालून झालं. तुमचं?"

"आज ऊन फार होतं."

दिवसभर आभाळ भरलेलं होतं. "हो, फारच," तेने म्हणाली. तिची नजर नापोकोच्या गालावरच्या तांबड्या मातीवर गेली आणि खाली वळली. तिच्याही गालावर तसाच डाग होता.

"माझ्या हातांचं कधीपासून ठाऊक होतं तुला?"

तेने वाळूत पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढत राहिली. "मागच्या सुगीपासून. तुम्ही माझ्या चुलीवरचं मडकं उचललंत आणि हात पोळला तरी गप्पा मारत राहिलात."

"आणि बोलली नाहीस."

"बोलले असते तर माझा मांडव रिकामा झाला असता, मावशी."

नापोकोला राग यायला हवा होता. पण ही पोर इतके दिवस आपल्याला घाबरून होती, हे ऐकून तिला बरं वाटलं, अगदी गोड वाटलं.

"मीही नसतंच सांगितलं," ती म्हणाली आणि रांजणापासून सरकली. "आता सांग. घालू का विरजण?"

तेने खाली बसली. तिनं रांजणाला गाल लावला आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. नापोको तिच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," मोजणं संपवून तेने म्हणाली. "अजून थोडं थांबा."

नापोकोनं पडताळायला गाल लावला नाही; पुरचुंडी पुन्हा कनवटीला खोचली.