दोन युद्धं पाहिलेला टोप

मित्रांनो, माझ्या आत डोकं घालून पाहा, जुन्या चामड्याचा वास येईल. मी लढाऊ वैमानिकाचा टोप आहे. तुम्ही मला हेल्मेट म्हणता. मी नवाकोरा असताना ज्या डोक्यावर बसलो, ते धरमसिंग राठोड यांचं. घाटंजीजवळच्या तांड्यावरचे ते पहिलेच वैमानिक!

पासष्टच्या युद्धात आम्ही एकत्र झेपावलो. खाली शत्रूचे रणगाडे धूळ उडवत चालले होते. विमानानं नाक खाली केलं, तसे माझे पट्टे त्यांच्या हनुवटीत रुतले. चहूकडे गोळे फुटत होते. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण एक रणगाडा पेटला, विमान वर उसळलं आणि धरमसिंग चक्क तांड्यावरचं गाणं गुणगुणू लागले. ते मला एकट्यालाच ऐकू आलं.

युद्धानंतर ते मला सुट्टीत गावी घेऊन आले. सारा तांडा जमला. त्यांच्या आईनं, रुक्माबाईंनी, मला दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिलं आणि एवढं ओझं घेऊन तू उडतो तरी कसा, असं लेकाला विचारलं. मग माझ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. काय रुबाब होता माझा!

एकाहत्तरच्या युद्धात धरमसिंग स्क्वाड्रन लीडर होते. एका हल्ल्यावरून परतताना सोबतच्या विमानातला, आमच्याच भागातल्या बाभुळगावचा तरुण वैमानिक गोपाल जखमी झाला. त्याचा क्षीण आवाज रेडिओवरून माझ्यात घुमला.

"सर, डोळ्यांपुढं अंधार येऊन राह्यला."

हवेत सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं. धरमसिंगांनी त्या दिवशी ते सोडून दिलं.

"गोपाल, माया विमानाच्या पंखाकडं पाह्य. दुसरं काई पाहू नको. अन् बोलत राह्य. तुयी माय भाकरीसंग काय देते?"

"ठेचा."

"कायचा?"

"हिरव्या मिरचीचा, सर."

असं बोलत बोलत विमानतळ आला. धरमसिंगांचं इंधन संपत आलं होतं. खालून त्यांना आधी उतरायचा हुकूम झाला, पण त्यांनी ऐकला नाही. गोपालच्या शेजारून ते धावपट्टीपर्यंत खाली आले. त्याची चाकं टेकली तेव्हाच पुन्हा वर गेले आणि वळसा घेऊन उतरले. धावपट्टीवरच इंजिन बंद पडलं. माझं अस्तर घामानं चिंब झालं होतं. गोपाल वाचला!

पुढे धरमसिंग एअर कमोडोर झाले. हुद्दा वाढला, उडणं कमी झालं. निवृत्त होऊन ते तांड्यावर आले आणि मी बियाण्यांच्या पोत्यांखालच्या पेटीत गेलो. उंदरांनी माझा पट्टा कुरतडला. वर्षानुवर्षं कुणी झाकण उघडलं नाही.

यंदा त्यांची नात अंजू हवाई दलात निवडली गेली. तिनं धावत येऊन मला पेटीतून काढलं, चामड्याला तेल चोळलं आणि युद्धाच्या गोष्टी विचारत ती आजोबांच्या मांडीला मांडी लावून बसली. पंच्याऐंशी ओलांडलेले धरमसिंग बोलू लागले, हात विमानासारखे पसरून! शेतावर निघालेला त्यांचा मुलगा भारत उंबऱ्यातच खिळला.

"बा, हे तुमी मले कधी सांगतलं नाई."

"तू कधी विचारलंच नाई."

भारतनं खांद्यावरचा, तण काढायचा डवरा खाली ठेवला आणि बापाजवळ जाऊन बसला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची धूळ जरूर पुसा. पण ती पुसता पुसता, आम्हाला ज्यांनी वापरलं त्यांना हाक मारा. ती माणसं अजून घरात आहेत, तोवरच.