घरकामाचं लायसन्स

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांना शिकवण्याची एकच पद्धत ठाऊक होती. गेली एकोणीस वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर, पायाखाली जादा ब्रेक ठेवून बसत आले होते. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या त्यांच्या बायकोला संध्याकाळची पाळी लागली, तेव्हा तिने सांगितलं, की आता दोन्ही मुलींना घरातली चार कामं यायला हवीत. मास्तर म्हणाले, "सोमवारपासून थिअरी घेतो."

"थिअरी कसली? टॉवेलची घडी घालायला शिकव म्हणजे झालं."

"ते प्रॅक्टिकल. ते थिअरीनंतर."

थोरली सात वर्षांची होती, धाकटी पाच. पहिला आठवडा दोघी जेवणाच्या टेबलाशी वह्या घेऊन बसल्या. मास्तरांनी पुठ्ठ्यांवर चिन्हं रंगवली होती. तीन वेड्यावाकड्या रेघा म्हणजे ओली फरशी. लाल गोलात शेगडी म्हणजे प्रवेश बंद. बंद दाराचं चित्र म्हणजे आधी हॉर्न द्या, मग आत जा. मुलींनी सगळं तोंडपाठ केलं.

दुसऱ्या आठवड्यात प्रॅक्टिकल सुरू झालं. लाल अक्षरात 'शिकाऊ' लिहिलेली पाटी पाठीवर बांधून धाकटी भरलेला पेला घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. खांद्यावर दोन बोटं ठेवून मास्तर मागून चालले होते. ती दोन बोटं म्हणजे जादा ब्रेक.

"वळण आलं. हात दाखव. शाबास. आता आरशात बघ."

घरात आरसा एकच होता, बेसिनवर. धाकटी पेला घेऊन तिथवर गेली, चवड्यांवर उभी राहून आरशात बघून आली आणि मग वळली. पेल्यात घोटभर पाणी उरलं होतं. मास्तरांनी ते वहीत नोंदवून घेतलं आणि फरशी पुसली.

ज्याने शिकवलं त्याने परीक्षा घ्यायची नाही, हा मास्तरांचा दंडक. म्हणून तिसऱ्या आठवड्यात परीक्षा आईने घेतली. थोरली पहिल्या फटक्यात पास झाली. धाकटीने बाथरूमच्या दारापाशी हॉर्न दिला नाही, म्हणून ती एकदा राहिली; सात दिवसांनी परत दिली तेव्हा तिने इतक्या जोरात 'पों' केलं, की शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. दोघींना कार्डं मिळाली. त्यावर फोटो, अंगठ्याचा ठसा आणि कामाचा प्रकार. थोरलीचं 'झाडू, घड्या, ताटं'. धाकटीचं 'चपला, कुंड्या, चमचे (सुरी सोडून)'.

आणि खरं सांगायचं तर घर सुधारलं. चपला रांगेत लागल्या, कुंड्यांना वेळेवर पाणी मिळू लागलं. आई कामावरून आली, की टॉवेलच्या घड्यांकडे बघतच राहायची. मास्तरांची कॉलर ताठ झाली.

रविवारी सकाळी मास्तर आपला कप विसळत होते. धाकटी मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, तुझं लायसन्स बघू."

मास्तर हसले. मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. एकोणीस वर्षांत त्यांनी विनालायसन्स माणसाला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. सख्ख्या मेहुण्यालासुद्धा भर रस्त्यात गाडीतून उतरवलं होतं. त्यांनी नळ बंद केला आणि साबण लागलेला कप तसाच ओट्यावर ठेवला.

"माझ्याकडे नाही," ते म्हणाले.

धाकटी धावत थोरलीकडे गेली. दोघी आईच्या खोलीत शिरल्या.

"आई, तुझ्याकडे आहे?"

"मी नऊ वर्षं हे घर चालवतेय," आई म्हणाली.

"विनालायसन्स?" दारात उभ्या राहिलेल्या मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज खोल गेला होता. "नऊ वर्षं?"

आईने त्यांच्याकडे बघितलं. मग मुलींकडे. मग तिने हातातला झाडू भिंतीला टेकवला, वर्तमानपत्र उचललं आणि खुर्चीत बसली. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "आता नाही हात लावत."

तेव्हापासून त्या घरात कायद्याने काम करू शकणारी माणसं दोनच उरली, आणि त्यांतल्या एकीला बुटांच्या नाड्या बांधता येत नव्हत्या. शेगडीचं लायसन्स तर कोणाकडेच नव्हतं. दोन दिवस चौघांनी पाव, केळी आणि काकडी खाल्ली. काकडीसुद्धा न चिरता, कारण सुरी.

मंगळवारी मास्तरांनी रीतसर अर्ज केला. थोरलीने तो वाचला, दोन चुका काढल्या आणि त्यांच्या पाठीवर 'शिकाऊ' पाटी बांधली. एरवी ती त्यांना 'अरे बाबा' म्हणायची. पाटी बांधल्यावर म्हणाली, "तुमचं नाव सांगा."

"अगं, मी..."

"जेवढं विचारलं तेवढंच."

चादरीची घडी करायची होती. मास्तरांनी टोकं धरली. त्यांचे तळवे ओले झाले. पाय थरथरतो म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाला ते आजवर म्हणत आले होते, "घाबरण्यासारखं आहे काय त्यात?" आता समोर सात वर्षांची पोरगी वही घेऊन उभी होती आणि त्यांना चादरीची लांबी कुठली आणि रुंदी कुठली हेच आठवेना. शेवटी जे झालं ती घडी नव्हती, गाठोडं होतं.

"नापास," थोरली म्हणाली. "पण प्रयत्न चांगला होता." हे ती त्यांच्याकडूनच शिकली होती.

स्वयंपाकाचं काय, हा प्रश्न होताच. त्यावर थोरलीने तोडगा काढला. आईला येतं पण लायसन्स नाही, म्हणून ती हात लावू शकत नाही. बाबांकडे आता शिकाऊ आहे, पण त्यांना येत नाही. तेव्हा बाबांनी करायचं आणि आईने नुसतं बोलायचं. आई स्टुलावर बसली, वर्तमानपत्र उघडलं, आणि मास्तर शेगडीपुढे उभे राहिले.

"गॅस बारीक," आई पान उलटत म्हणायची. "मीठ. एवढं नाही. आता ढवळ. खालून ढवळ."

"खालून म्हणजे?"

"गिअर सापडत नाही तेव्हा कसा चाचपतोस, तसं."

पहिला भात करपला, दुसरा कच्चा राहिला. तिसऱ्या दिवशीचा खाता आला. मास्तर सकाळी पाटी बांधून घ्यायचे आणि मग दिवसभर लोकांना गाडी शिकवायचे. आठवड्याने त्यांनी बायकोला विचारलं, "तू कधी बसतेस परीक्षेला?"

"बसेन की."

"तू तर एका झटक्यात पास होशील."

"तीच तर भीती आहे," ती म्हणाली आणि शब्दकोडं सोडवायला लागली.

मास्तरांनी डाव पुन्हा पातेल्यात घातला आणि खालून ढवळलं. त्यांनी तिला परत ते विचारलं नाही.

याच दिवसांत आत्या राहायला आल्या. त्या मास्तरांच्या मोठ्या बहीण, मोठ्या इस्पितळातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. चौतीस वर्षं त्यांनी साठ खाटांच्या चादरींचे कोपरे तपासले होते. आल्या आल्या पदर खोचून त्या पलंगाकडे वळल्या. धाकटी आडवी आली.

"आत्या, लायसन्स?"

आत्यांनी भावाकडे बघितलं. "बंड्या, ही काय भानगड आहे?"

"परीक्षा द्यावी लागते, ताई. सगळ्यांनाच."

आत्यांनी दीड मिनिटात चादर अशी घातली, की तिच्यावर नाणं टाकलं असतं तर ते उडालं असतं. मग कौतुकाने बघायला त्या दोन पावलं मागे आल्या आणि त्यांची टाच धाकटीच्या पायावर पडली. धाकटी रडली नाही. तिने नुसतं बहिणीकडे बघितलं.

"मागे न बघता मागे आलात," थोरली म्हणाली. "नापास."

"मी नापास?"

"सात दिवसांनी परत देता येते, ताई," मास्तर हळूच म्हणाले. "चादर मात्र छान होती."

आत्या चार दिवसांसाठी आल्या होत्या. परतीचं तिकीट त्यांनी पुढे ढकललं. रोज दुपारी जेवणं झाली, की त्या पलंगापासून दारापर्यंत मान वळवून उलट्या चालण्याचा सराव करायच्या. आई स्टुलावरून सांगायची, "ताई, डावीकडे कपाट." आठव्या दिवशी आत्या पास झाल्या. कार्ड त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून पर्समध्ये इस्पितळाच्या जुन्या ओळखपत्राच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं.

मास्तर चौथ्या खेपेला पास झाले. त्या संध्याकाळी ते नव्या शिकाऊ मुलीला गाडीत म्हणाले, "पाय थरथरू दे. आपण इथेच थांबू थोडा वेळ." ती वीस मिनिटं थरथरली. मास्तर शेजारी बसून राहिले आणि त्यांनी तिला चादरीची लांबी कशी ओळखायची ते सांगितलं.

आईने परीक्षा अजून दिलेली नाही. तारीख जवळ आली की तिची मान आखडते. मुली तिला दर महिन्याला नवी तारीख देतात. हल्ली मास्तर पापडसुद्धा न करपवता भाजतात.

परवा आत्यांच्या घरून फोन आला. थोरलीने उचलला. पलीकडे आत्यांचे यजमान होते. ते उभा जन्म न्यायालयात लघुलेखक होते आणि कधी कोणापुढे आवाज चढवला नव्हता.

"बाळा," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तुझ्या आत्यानं मला मोज्यांच्या जोड्यांमध्ये नापास केलंय. मला वरच्या कोर्टात जायचंय."

"किती मोजे चुकले?" थोरलीने विचारलं.

"एकच. पण ती म्हणते, दोन. एक चुकला की दुसराही चुकतोच."

थोरलीने थोडा विचार केला. मग वही ओढली आणि पेनचं टोपण दातांनी काढलं.

"आतोबा," ती म्हणाली, "तुमचं पूर्ण नाव सांगा."