आरवाले बूट

"अगं ताई, कशाला घासतेस तिला? मी बोलावलेला कातडीवाला दुपारी येणार. त्याला काय चकचकीत घोडी हवीय?" धाकटा कुंपणाला टेकून म्हणाला.

थोरलीनं खरारा थांबवला नाही. सकाळपासून वारा पडला होता. ढग शेतावर ओथंबले होते आणि नांगरलेली माती कोंदट वाफ सोडत होती. आबांना जाऊन आठवडा झाला होता. जन्मभर नाठाळ घोडी सरळ करणारा माणूस, घरच्या शहाण्या घोडीनं बांधावर आपटून मारला. पट्टीचा पोहणाराच बुडतो, म्हणालं गाव.

त्या बांधावर निळी फुलं होती, पाठीला वाकडी नळी असलेली. आबा त्यांना आरवाली फुलं म्हणत. बैल हाकायच्या पराणीच्या टोकाला खुपणारी असते ती आर. त्यांच्या लेखी पायाला काटा असलेला कोंबडा आरवाला, धाकट्यानं शहरातून आणलेले टाचेला लोखंडी काटा असलेले बूट आरवाले, आणि आईची जीभही आरवाली.

"फुलाच्या आरेत मध असतो," ते म्हणायचे. "बाकीच्यांचा भरवसा नाही."

"मग फुलाशीच लग्न करायचं होतं," आई म्हणायची.

खरारा बरगड्यांपाशी आला तशी घोडी थरथरली. केसांखाली खपली लागली. दुसऱ्या बाजूला, त्याच जागी, तशीच खपली. थोरली हात तिथेच ठेवून उभी राहिली. आबांच्या बुटांच्या टाचा तर झिजून सपाट झाल्या होत्या.

"आबा पडले त्याच्या आदल्या दिवशी बाजाराला गेले होते. तू बसलास हिच्यावर?"

"मी? छे! काट्याकुट्यांत घुसली असेल."

"दोन्ही अंगांना? नेमकी टाचेच्या उंचीला?"

धाकट्यानं मान खाली घातली. "ओढा ओलांडेना गं. मारली टाच जोरात. मला काय माहीत, दुसऱ्या दिवशी आबांची नुसती टाच लागली तरी बिथरेल म्हणून." त्यानं घराकडे पाहिलं. "आईला सांगू नकोस."

"आईला अजून ऐकू येतं," मागून आई म्हणाली. तिनं हातातली बादली खाली ठेवली.

रस्त्यावर गाडी खडखडली.

"थोरले, त्या कातडीवाल्याला माघारी लाव. घोडी द्यायची नाही म्हणावं."

थोरली परत आली तेव्हा आईनं आबांचं खोगीर घोडीवर चढवलं होतं. धाकटा आरवाले बूट काढून अनवाणी उभा होता.

"आई, आज नको. पाडेल ती त्याला."

"स्वतःचं पाप झाकायला हिला मारायला निघाला होता," आई शांतपणे म्हणाली. "आता चढू दे. हिला काय वाटतं तेही कळू दे."

घोडीनं कान मागे पाडले. आईनं पट्टा आणखी एक भोक आवळला आणि पाय ठेवायला रिकीब त्याच्यासमोर धरली.